तळघरात विसरलेला चाफा

एका ताईंचं पत्र आलंय, अंबड तालुक्यातून. नाव-गाव देत नाही, मजकूर तेवढा थोडक्यात सांगते. वय ५७, घरी मोसंबीची बाग. लेक चार वर्षांपासून टोरंटोजवळ. दीड वर्षापूर्वी तिच्या बाळंतपणासाठी ताई तिकडं गेल्या, आणि उन्हाळ्यात तिथल्या नर्सरीतून मोगरा, लाल जास्वंद आणि देवळापुढच्या खुरचाफ्याचा एक दांडा आणून कुंड्यांत लावला. ऑगस्टपर्यंत मोगरा नुसता फुलला. ताई ऑक्टोबरात परत आल्या आणि मग दर रविवारी व्हिडिओ कॉलवर "झाडांना पाणी घाल गं" सुरू झालं. जास्वंदीची सगळी पानं गळाली, मेली म्हणून कुंडीसकट टाकून दिली. मोगरा फेब्रुवारीपर्यंत पार वाळला. चाफा तेवढा तळघरात कपड्याच्या मशीनमागं विसरून गेला होता, मेमधे काढला तर त्याला पानं फुटली. लेकीनं मागच्या उन्हाळ्यात मोगरा-जास्वंद पुन्हा आणले, आणि या हिवाळ्यात "आता नीट काळजी घेते" म्हणून चाफासुद्धा वर हॉलमधे हीटरजवळ आणून ठेवला, पाणी चालू. आता चाफ्याला एक पान नाही, शेंडा मऊ लागतोय, जास्वंद बोडकी, मोगरा अर्धा करपलेला. जावई म्हणतात दरवर्षी मेमधे नवीन आणू, कशाला जीव काढता. लेक म्हणते आई मला नाही जमत. ताई विचारतात, झाडं वाचतील का, मार्चमधे एक नातेवाईक चाललेत त्यांच्या बॅगेत सासूबाईंच्या हातच्या चाफ्याची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून पाठवू का, आणि मी लेकीवर उगं ओझं टाकतेय का. शेवटी एक ओळ आहे, "सध्या आंब्या बहारासाठी बागेला ताण दिलाय म्हणून लिहायला वेळ मिळाला." (आंब्या बहार म्हणजे हिवाळा संपताना येणारा मोसंबीचा फुलोरा, आणि ताण म्हणजे त्याआधी मुद्दाम पाणी तोडणं.)

ताई, तुमच्या सगळ्या पत्राचं उत्तर त्या शेवटच्या ओळीत आहे. पण त्याकडं येते, आधी घाईचं काम.

आज रात्री तिकडची सकाळ झाली की लेकीला फोन करा आणि चाफ्याचं पाणी आजपासून बंद म्हणून सांगा. मग तिला म्हणा, दांडा बोटांनी खालपासून वरपर्यंत दाबून बघ. घट्ट लागला तर जिवंत आहे, पान असो नसो. साल थोडी सुरकुतली असेल तर घाबरायचं नाही, तहानलेला चाफा सुरकुततोच, ते परत भरून येतं. पण शेंडा मऊ, काळपट, दाबला की आत जातोय असा असेल तर ती कूज आहे आणि ती खाली उतरत जाते, लेकीला वाट बघायला लावू नका. धारदार चाकू स्पिरिटनं पुसायचा आणि मऊ भागाच्या खाली कापायचं, कापलेल्या जागी आत तपकिरी ठिपका दिसला तर आणखी थोडं खाली, परत चाकू पुसून, असं करत करत आतला भाग पांढरा-हिरवट स्वच्छ दिसेपर्यंत. चीक येईल, तो आला म्हणजे चांगलंच आहे, पण हाताला-डोळ्याला लागू देऊ नका, कातडीला खाज सुटते आणि घरात रांगतं लेकरू आहे. कापलेलं टोक उघडंच सुकू द्यायचं. बुडाशी मऊ असेल तर कुंडीतून काढून वरचा चांगला दांडा वेगळा करायचा, त्याचं काय करायचं ते पुढं सांगते. जास्वंदीला आणि मोगऱ्याला नखानं साल थोडी खरवडून बघायची, खाली हिरवं दिसलं की झाड आहे. एका फांदीत वाळकं दिसलं म्हणून झाड गेलं असं नाही, खाली खाली खरवडत जायचं, जमिनीलगत चार बोटं हिरवं असलं तरी मार्चमधे तिथून फुटवे येतात. मागच्या वर्षी टाकून दिलेल्या जास्वंदीला हे करून बघितलं होतं का, तुम्ही लिहिलं नाहीये, आणि मला वाटतं बघितलं नसावं. पानं गेली म्हणजे झाड गेलं असं धरून चाललात.

आता तुमची बाग. आंब्या बहार धरायचा तर काय करता तुम्ही? पाऊस संपला की पाणी तोडता, बाग ताणावर सोडता, झाडं मलूल होतात, पानं पिवळी पडून गळायला लागतात, रस्त्यानं जाणारा नवखा माणूस म्हणेल बाग वाळली यांची. तुम्हाला मात्र पक्कं माहीत असतं की झाड आत ताकद साठवतंय, आणि जानेवारीत ताण तोडून पहिलं हलकं पाणी दिलं की काही दिवसांत फूट आणि फूल एकत्र येणार. हलक्या जमिनीला ताणाचे दिवस कमी, काळ्या भारी जमिनीला जास्त, हे तर तुम्ही मला शिकवाल. मग जी गोष्ट इतकी वर्षं करताय ती टोरंटोतल्या तीन कुंड्यांना का लागू होत नाही? चाफ्यानं तर ती स्वतःच करून दाखवली. तळघरात, अंधारात, बिनपाण्याचा पाच-सहा महिने पडून होता आणि मेमधे फुटला. त्याला तिकडं ताण मिळाला. या वर्षी प्रेमानं वर आणला, उबेत ठेवला, पाणी घातलं, आणि तो बिघडला.

मला असं वाटतंय, चुकत असेन तर सांगा, की तुमचं "पाणी घाल गं" हे २०१२-१३ च्या दुष्काळातून आलंय. त्या साली जालना-अंबडकडच्या किती बागा वाळल्या, लोकांनी टँकर आणून, बादली बादली घालून झाडं जगवायची धडपड केली, आणि शेवटी कित्येकांनी कुऱ्हाड लावली. ज्या बाईनं ते बघितलंय तिच्या तोंडून झाड म्हटलं की आधी पाणीच निघणार. आपल्याकडं मे महिन्यात झाड मरतं ते तहानेनं. तिकडं जानेवारीत कुंडीतलं झाड मरतं ते बहुतेक वेळा ओल्या मुळांनी. यात तुमची चूक म्हणून मी काही मोजत नाहीये, फक्त रविवारचा सल्ला इथल्या हवेचा होता आणि कुंडी तिथल्या हवेत होती.

का ते समजून घ्या, म्हणजे लेकीला कारणासकट सांगता येईल. डिसेंबरच्या शेवटी अंबडला दिवस जवळपास अकरा तासांचा असतो, टोरंटोत नऊच्या आसपास. आणि ते नऊ तासही कसले, भर दुपारी सूर्य तिथं इतका खाली असतो की ऊन आपल्याकडच्या हिवाळ्यातल्या सकाळी नऊच्या उन्हासारखं तिरपं पडतं, त्यात ढग, त्यात दुहेरी काचेची खिडकी. एवढ्या उजेडावर पानांना कामच नसतं, काम नाही तर पाणी ओढत नाहीत, आणि वरून रोजचा पेला चालूच, मग माती आठ-आठ दिवस चिखल राहते आणि मुळं गुदमरून कुजतात. मोसंबीत पाणी साचलं की मूळकूज होते ना, तेच. दुसरीकडं हीटरची हवा इतकी कोरडी की पानांच्या कडा करपतात, आणि करपलेलं पान बघून लेकीला वाटतं तहान लागली, ती आणखी पाणी घालते. वरून कोरडं, खालून ओलं, या पेचात तिची झाडं गेलीत. मी स्वतः एक आख्खा हिवाळा कॅनडातल्याच ओटावात भावाकडं काढलाय, त्याच्या जास्वंदीच्या तीन कुंड्या माझ्या हातात होत्या, त्यातली एक मी अशीच पाणी घालून घालवली आणि बाकीच्या दोन मग बोटानं माती बघून बघून वाचल्या, म्हणून हे सांगतेय.

तिघांचा स्वभाव वेगवेगळा आहे, एकच नियम लावू नका. चाफा सगळ्यात सोपा. ऑक्टोबर यायच्या आत पानं पिवळी पडू द्यायची, पाणी तोडायचं, आणि दहा अंशांच्या खाली जाणार नाही अशा कोरड्या जागी ठेवून द्यायचा, पान नाही म्हणून उजेडही लागत नाही, तळघर चालतं. फार सुरकुतला तर महिन्यातून अर्धा पेला पाणी, नाहीतर तेही नको. आत्ता लेकीनं तो कापून-सुकवून परत त्याच मशीनमागच्या जागी न्यावा, मला तर ती जागा त्याला मानवलेली दिसते. मोगऱ्याला पानं ठेवायची असतात, त्याला उजेड हवा पण ऊब कमी हवी. घरातली जरा गार खोली, दहा ते पंधरा अंशांची, दक्षिणेकडची खिडकी, माती बोटाच्या दोन पेरांपर्यंत कोरडी लागली की मगच पाणी, आणि खालच्या ताटलीत साचलेलं अर्ध्या तासात ओतून टाकायचं. कुंडी काचेला चिकटवून ठेवू नये, रात्री काच बर्फासारखी होते. आपल्याकडं मोगऱ्याचे शेतकरी थंडीत पाणी कमी करतात, पाला झडू देतात, मग छाटणी करून खत-पाणी देतात तेव्हा मार्चपासून कळ्या लागतात, म्हणजे मोगऱ्यालाही विश्रांती नवी नाही. जास्वंद मात्र नाजूक. दहाच्या खाली गेली की रुसते, अंधारात टाकली की पानं टाकते, तिला शक्य तितका उजेड द्यावा, साधा पांढरा एलईडी दिवा टायमरवर बारा-चौदा तास लावला तरी फरक पडतो. आणि तरीही निम्मी पानं गळतीलच, बाहेरच्या उन्हातून घरात आली की जुनी पानं टाकून कमी उजेडाची नवी पानं काढते, तेव्हा कुंडी हलवत बसू नये, एका जागी राहू द्यावी. तिघांनाही मार्चपर्यंत खत नाही. उजेड नसताना खत दिलं तर लांब, पिवळट, लुळे फुटवे येतात आणि त्यांच्यावर कीड बसते.

कीडही सांगून ठेवते, कारण कोरड्या उबेत कोळी फार लवकर येतो. पानावर बारीक फिकट ठिपके आणि खालून तलम जाळी, मोसंबीवर बघितलाच असेल. तिथं औषध मारू नका, बंद घर, त्यात लेकरू. कुंडी बाथरूममधे नेऊन आठवड्याला एकदा पानांची खालची बाजू शॉवरनं धुवायची, मातीवर प्लास्टिकची पिशवी बांधून म्हणजे माती भिजत नाही. मिलीबग, म्हणजे कापसासारखी पांढरी कीड, दिसला तर कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन एकेक टिपायचा. आणि कण्हेर आणायचा विचार कुणाच्या मनात असेल तर लेकरू मोठं होईपर्यंत नको, तिचं पान-फूल-लाकूड सगळंच विषारी असतं.

आता जावईबापूंचं म्हणणं. ते दरवर्षी नवीन आणू म्हणतात, तुम्हाला त्यात झाडाबद्दल बेफिकिरी दिसली असं पत्रावरून वाटतं. मला ते इतकं वाईट वाटत नाही. घरात लहान लेकरू, दोघांच्या नोकऱ्या, बाहेर बर्फ उपसायचा, अशा घरात बारा इंची तीन कुंड्या सहा महिने सांभाळणं हे काम आहे. तिकडं पुष्कळ लोक जास्वंद एका उन्हाळ्यापुरतीच आणतात, चार महिने फुलं घेतात आणि सोडून देतात, यात पाप नाही. मी त्यांच्या जागी असते तर जास्वंदीपुरतं त्यांचं ऐकलंही असतं. पण चाफ्याच्या बाबतीत त्यांचा हिशोब चुकतो, कारण त्याला सांभाळायला काही करावंच लागत नाही, उलट काही न करणं हीच त्याची सेवा आहे. आणि मोगऱ्याला मधला मार्ग आहे.

तो मार्ग म्हणजे मोठं झाड सांभाळण्याऐवजी त्याचं लेकरू सांभाळायचं. ऑगस्टमधे, झाड भर जोमात असताना, जास्वंदीच्या न फुललेल्या अर्धकच्च्या फांदीचे चार-पाच इंचाचे तुकडे घ्यायचे, पेराच्या अगदी खाली कापायचं, खालची पानं काढायची, वरची दोन ठेवायची, मोठी असली तर अर्धी कातरायची. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाईट (पांढरे हलके खडे) निम्मं-निम्मं, नुसतं ओलसर, त्यात दोन डोळे बुडतील इतके खोवायचे, मुळ्या फुटायची पावडर मिळाली तर टोकाला लावायची, वरून पारदर्शक पिशवी घालून उजेडात पण उन्हाबाहेर ठेवायचं. महिना-दीड महिन्यात मुळ्या धरतात. सहा लावले तर तीन जगतील असं धरून चालायचं. म्हणजे सप्टेंबरात आत आणायची कुंडी ही केवढी, चहाच्या कपाएवढी, खिडकीच्या कठड्यावर चार राहतात. मोठं झाड मग गेलं तरी गेलं. मोगऱ्याचे तुकडे जरा उशिरा धरतात, त्याला आपलं दाब कलमच बरं. उन्हाळ्यात एक लांब खालची फांदी वाकवायची, पेरापाशी साल थोडी खरवडायची, शेजारच्या छोट्या कुंडीतल्या मातीत ती जागा दाबून वरून दगड नाहीतर वाकवलेली तार ठेवायची, आईपासून तोडायची नाही. सप्टेंबरपर्यंत हलकेच ओढून बघायचं, घट्ट लागली की मुळ्या आल्या, मग कापायची. हे तुम्ही व्हिडिओ कॉलवर लेकीला करून दाखवू शकता, तुमच्या अंगणातल्या मोगऱ्यावर, तिनं तिच्या मोगऱ्यावर करायचं. हा रविवार मला "पाणी घातलंस का" पेक्षा खूप आवडेल.

चाफ्याची गोष्ट उलटी. त्याचा दांडा ओला लावला की कुजतो. आत्ता बुडाला कूज निघाली आणि वरचा हात-दीड हात दांडा चांगला असला तर तो कोरड्या सावलीत आडवा ठेवून कापलेलं टोक नीट खपली धरेपर्यंत, आठ-दहा दिवस किंवा जास्तच, सुकवायचा. एवढ्या थंडीत लावायची घाई नको, कागदात गुंडाळून तसाच मार्च-एप्रिलपर्यंत ठेवला तरी टिकतो, मग निम्मी वाळू असलेल्या मातीत चार बोटं खोल रोवायचा, काठीला बांधायचा, आणि नवी पानं दिसेपर्यंत पाण्याचा हात आखडता ठेवायचा. वीस अंशांच्या वर ऊब लागते त्याला मुळ्या धरायला, खालून कोमट असेल तर आणखी बरं.

आणि हो, सासूबाईंच्या चाफ्याची फांदी. ताई, ती बॅगेतून पाठवू नका. मला कळतंय ती काय आहे तुमच्यासाठी. पण कॅनडात लावायच्या झाडाची फांदी न्यायची तर तिकडचा आयात परवाना लागतो आणि इकडून झाड निरोगी असल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, माती तर चालतच नाही, आणि न सांगता आणलेलं सापडलं तर ते काढून घेतात आणि दंड लागू शकतो, तोही ज्या माणसाच्या बॅगेत सापडेल त्याला. तुमच्या नातेवाइकांवर ही वेळ का आणायची. नियम त्रास द्यायला केलेला नाहीये, फांदीबरोबर न दिसणारी कीड-बुरशी जाते, आणि मोसंबीवाल्या घराला रोग एका रोपातून आख्ख्या बागेत कसा जातो ते वेगळं सांगायला नको. त्यातून ओल्या फडक्यात गुंडाळलेली चाफ्याची फांदी तशीही कुजायला लागते. त्याऐवजी ती फांदी तुमच्याच दारात लावा, लेकीच्या नावानं, मार्चमधेच, ती लेकरू घेऊन येईल तेव्हा तिला तिच्या आजीच्या चाफ्याचं झाड तयार असेल. आणि तिच्या घरातला तो नर्सरीतला दांडा परका समजू नका.

कारण "ही आपली झाडं, तिकडं कशी जगणार" हे जे तुम्ही लिहिलंय ना, त्यावरही जरा थांबावंसं वाटतं. चाफा, म्हणजे हा देवळापुढचा खुरचाफा, मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिका-कॅरिबियन बेटांकडचा. गुलछडी मेक्सिकोची. सदाफुली मादागास्करची. बोगनवेल दक्षिण अमेरिकेची, अठराव्या शतकात जग फिरायला निघालेल्या बोगनव्हिल नावाच्या फ्रेंच दर्यावर्द्याच्या नावावरून तिचं नाव पडलं. ही सगळी कुणाच्या तरी जहाजातून, कुणाच्या तरी हातून आली आणि आपल्या देवळात, आपल्या गजऱ्यात अशी बसली की आपल्या आज्यांना ती परकी आहेत हे माहीतही नव्हतं. तेव्हा लेकीच्या टोरंटोतल्या घरात चाफा असणं यात मला काही जबरदस्ती दिसत नाही. प्रश्न फक्त त्याचा हिवाळा ओळखायचा आहे.

लेकीवर ओझं टाकतेय का, हा तुमचा खरा प्रश्न आहे असं मला वाटतं, आणि त्याचं उत्तर माझ्याकडं नाही, तिच्याकडं आहे. तुम्ही तिला विचारलंय का, की तुला ही झाडं हवीत का? तुम्ही पत्रात तीनदा "तिला पण आवडतात" लिहिलंय, पण तिनं म्हटलेलं वाक्य एकच आहे, "आई मला नाही जमत." दोन हिवाळे तिनं जिवापाड पाणी घातलं आणि डोळ्यासमोर झाडं गेली, दर रविवारी आईला ती कॅमेऱ्यात दाखवावी लागली. नव्या बाळाच्या आईला आपल्या हातून काहीतरी मरतंय असं वाटत राहणं फार जड असतं. तिला आधी हे सांगा की झाडं तिच्या हलगर्जीपणानं गेली नाहीत, मी सांगितलेल्या पाण्यानं गेली. हे वाक्य तुमच्या तोंडून गेलं पाहिजे, माझ्या सदरातून नाही. मग विचारा. ती म्हणाली नको, तर जास्वंद शेजारी कुणाला देऊ द्या, मोगरा मेमधे नवीन आणू द्या, चाफा तळघरात राहू द्या. ती म्हणाली हवीत, तर पुढचं वर्ष असं धरा.

मार्चमधे दिवस मोठा झाला की ताण तोडायचा. चाफ्याला शेंड्याशी हालचाल दिसली की वर उजेडात आणायचं. मोगरा-जास्वंदीचं वाळकं लाकूड कापून हिरव्यापर्यंत आणायचं, माती खराब झाली असेल तर बदलायची, नवा फुटवा बोटभर झाला की पातळ खत. बाहेर काढायची घाई मात्र अजिबात नाही, एप्रिलमधे एक-दोन दिवस छान ऊन पडतं आणि लेकीला मोह होईल, पण रात्री अजून दव गोठतं. तिकडचे बागवाले व्हिक्टोरिया डेपर्यंत, म्हणजे २४ मेच्या आसपास, थांबतात, आपल्याकडं मृगाची वाट बघतात तसं. काढल्यावरही पहिले आठ-दहा दिवस सावलीत, मग सकाळचं ऊन, मग पूर्ण ऊन, नाहीतर घरात वाढलेली पानं एका दुपारीत पांढरी पडतात. उन्हाळ्यात तिथं दिवस पंधरा तासांच्या वर जातो, त्या चार महिन्यांत तुम्ही म्हणाल तेवढं पाणी घालू द्या, तेव्हा तुमचा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. ऑगस्टमधे कलमं. आणि आत घ्यायची वेळ ऑक्टोबर नाही, सप्टेंबरच्या मधली, रात्रीचा पारा दहा-बाराला टेकायला लागला की, हीटर सुरू व्हायच्या आधी, म्हणजे झाडाला बदल सोसतो. आणण्याआधी एक तृतीयांश छाटणी, साबणाच्या पाण्यानं पानं खालून-वरून धुणं, आणि दोन आठवडे बाकी झाडांपासून लांब. दारात कर्दळ किंवा गुलछडी लावली असेल तर ती झाडं म्हणून सांभाळायचीच नाहीत, पहिल्या गोठणाऱ्या रात्रीनं कर्दळीचा पाला काळा पडला की कापून कंद उकरायचे, माती झटकून सुकवायचे आणि किंचित ओलसर भुशात गार जागी, पाच ते दहा अंशांत, ठेवायचे. गुलछडीचे कंद मात्र कोरडे आणि जरा उबदार. आपण हळदीचं बेणं ठेवतो त्याच समजुतीनं.

इथल्या वाचकांपैकी ज्यांची मुलं जर्मनीत, स्कॉटलंडमधे, अमेरिकेच्या उत्तरेकडं आहेत त्यांनाही हेच लागू, तारखा तेवढ्या तिथल्या शेजाऱ्याला विचाराव्यात. आणि परभणीत राहणाऱ्यांनी तर आत्ताच आपल्या गच्चीवर जाऊन बघावं. आपल्याकडं थंडीची लाट आली की पारा पाच-सहा अंशांवर येतो, जास्वंदीची पानं पिवळी पडतात, कळ्या गळतात, आणि लोक घाबरून खत आणि पाणी वाढवतात. नका वाढवू. सकाळचं ऊन लागेल तिथं कुंडी सरकवा, पाणी सकाळी उशिरा आणि थोडं, संक्रांत होऊन जाऊ द्या.

ताई, लेकीला एवढंच सांगा की चाफ्याचा फोटो दर रविवारी नको, महिन्यातून एकदा, आणि तो फक्त शेंड्याचा, जवळून. मार्चच्या शेवटी नाहीतर एप्रिलमधे त्या बोथट टोकावर गव्हाच्या दाण्याएवढी हिरवी चोच दिसेल. तेव्हा मला पण पाठवा तो फोटो. आणि तेव्हाही पहिलं पाणी एकच पेला.